पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

(मिशनच्या जव्हार-मोखाडा भागातील बचत गटांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)

आपल्या गटांत सगळ्या घरच्या बाया आहेत, हिरवा देवाला आणि वाघोबाला मानणाऱ्याही आहेत.

मला आज बचतीवर बोलायला सांगितले आहे. पण बचतीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? मीठ संपले तरी गटाचे शंभर रुपये बाजूला काढणाऱ्या बाया इथे समोर बसल्या आहेत. म्हणून मी आज वाया गेलेल्या पैशाबद्दल बोलणार आहे. जी वस्तू घेतली आणि पस्तावलो, जिथे पैसा दिला आणि हात चोळत बसलो, त्याबद्दल. मेळाव्यात हा विषय कोणी काढत नाही. अहवालात बचत किती झाली ते छापले जाते, फसलो किती ते छापले जात नाही.

आपल्याकडे म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. म्हण खरी आहे, पण तिच्यात एक अट लपलेली आहे. पुढच्याने मागे वळून "इथे दगड आहे गं" असे सांगितले, तरच मागचा शहाणा होतो. पुढचा जर अंगठ्याचे रक्त लपवून, दात आवळून तसाच पुढे गेला, तर मागच्यालाही त्याच दगडाची ठेच लागते. आपल्या पाड्यांवर हेच होते. फसवणुकीची लाज फसवणाऱ्याला वाटत नाही. ती फसलेल्याला वाटते, आणि तो गप्प बसतो.

पस्तावलेल्या खरेदीची एक फार जुनी गोष्ट पवित्र शास्त्रात, उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. एसाव रानातून दमूनभागून घरी आला. धाकटा भाऊ याकोब चुलीपाशी मसुरीचे वरण शिजवत होता. एसावाच्या पोटात आग पडली होती. त्याने वाटीभर वरण मागितले, आणि याकोबाने किंमत सांगितली: तुझा थोरलेपणाचा हक्क मला दे. एसावाने दिला. पुढे तो मोठ्याने रडला, पण सौदा होऊन गेला होता.

ही गोष्ट सांगताना एसाव किती मूर्ख, असे म्हणायची आपल्याला सवय आहे. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. एसाव भुकेला होता. भुकेल्या माणसाला वरण मोठे दिसते आणि हक्क लहान दिसतो. याकोबाला ते ठाऊक होते, म्हणून त्याने भाव भुकेच्या वेळी ठरवला. गरिबाचे पैसे वाया कसे जातात हे समजायचे असेल तर एसावाकडे बघाच, पण त्या चुलीपाशी बसलेल्या याकोबाकडेही बघा.

आता आपल्या भागाकडे येऊ. आपल्याकडे पैसा वर्षभर सारखा येत नाही. भात, नागली, वरई घरात येते ती खाण्यापुरती. रोख पैसा दोनदा दिसतो. एकदा दिवाळीच्या आगेमागे, भट्टीवर जाण्याआधी मुकादम उचल देतो तेव्हा. दुसऱ्यांदा पावसाच्या तोंडावर, भट्टीवरचा हिशोब होतो तेव्हा. भिवंडी, कल्याण, वसईकडून परत येणाऱ्या बायाबापड्यांच्या पदराला गाठ असते आणि अंगात सहा-सात महिन्यांचा शिणवटा असतो. त्या आठवड्यात तालुक्याच्या बाजारात बघा. मोबाईलच्या दुकानापुढे मंडप असतो, गाड्यांच्या शोरूमबाहेर ढोल वाजतो. दुकानदाराला आपला हिशोबाचा दिवस आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. आणि आषाढ-श्रावणात, घरात तांदूळ नसतो आणि हातात काम नसते, तेव्हा त्याच बाजारात आपल्याला कोणी हाक मारत नाही.

एका पाड्यावरची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, कारण घर अजून त्यातून सावरते आहे. एकवीस वर्षांचा मुलगा. पंचवीस किलोमीटरवरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला लागला. एसटी पकडली तर पाळी चुकायची. म्हणून त्याने मोटारसायकल घेतली. गाडी 90,000 रुपयांची. 15,000 रोख भरले, आईच्या चांदीच्या वाळ्या मोडून. उरलेले 75,000 कर्ज, तीन वर्षांच्या हप्त्याने. विकणारा म्हणाला, "दिवसाला फक्त शंभर रुपये, दादा. शंभर तर तू चहा-तंबाखूत घालवतोस."

आता हा हिशोब आपण सगळ्या मिळून करू. व्याज सांगितले वर्षाला 15 टक्के. 75,000 चे 15 टक्के म्हणजे 11,250. तीन वर्षांचे 33,750. म्हणजे परत करायचे 1,08,750, आणि हप्ता महिन्याला सुमारे 3,020. आधी भरलेले 15,000 धरले तर 90,000 ची गाडी पडली 1,23,750 रुपयांना. इथे अजून एक मेख आहे. हप्ता भरत गेलो की मुद्दल कमी होत जाते. दोन वर्षांनंतर तुमच्याकडे कंपनीचे फार थोडे पैसे उरलेले असतात. पण व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण 75,000 वरच लावलेले असते. मुद्दल फिटत जाते तसे व्याज कमी होणाऱ्या पद्धतीने, बँक मोजते तसे मोजले, तर हेच 15 टक्के सुमारे 26 टक्के होतात. ते "दिवसाला शंभर"मध्ये दिसत नाही.

आठ महिन्यांनी ठेकेदाराने माणसे कमी केली. मुलगा घरी आला. दोन हप्ते चुकले, त्यावर दंड चढला, बँकेने खात्यात पैसे नसल्याचा दंड वेगळा कापला. मग दोन माणसे पाड्यावर आली आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने बोलली. बापाने इज्जतीसाठी मुकादमाकडून 40,000 उचल घेतली, आणि ज्या घराने दोन वर्षे भट्टी सोडली होती ते घर पुन्हा भट्टीवर गेले. आश्रमशाळेत नववीला असलेली बहीण धाकट्या भावाला सांभाळायला आणि भाकरी थापायला बरोबर गेली. ती परत शाळेत आली नाही. गाडी आज पडवीत उभी आहे. पेट्रोलला पैसे नाहीत. तिच्यावर मेणकापड टाकले आहे आणि सीटवर भाताचे पोते ठेवतात.

बहिणींनो, गाडीची किंमत मी मघाशी 1,23,750 सांगितली. ती चुकीची आहे. त्यात त्या मुलीची दहावी धरलेली नाही.

या गोष्टीत चूक काय झाली? मुलाने गाडी घेतली ही चूक होती का? मला तसे वाटत नाही. त्याला कामावर जायचे होते. त्याला मजा करायची नव्हती. चुकले ते एवढेच, की घरात कोणीही "एकूण किती?" हे दोन शब्द विचारले नाहीत. "काम सुटले तर?" हे तीन शब्द विचारले नाहीत. लूककृत शुभवर्तमानात प्रभु येशू बुरुज बांधणाऱ्या माणसाचा दाखला देतो. आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यायचा, नाहीतर पाया घालून काम अर्धे राहते आणि येणारे-जाणारे हसतात. त्या दाखल्यात मला "आधी बसून" हा भाग महत्त्वाचा वाटतो. शोरूममध्ये उभ्या उभ्या अंदाज घेता येत नाही. घरी येऊन बसावे लागते.

आता लग्नाकडे येते. माझ्यावर रागवू नका.

आपल्या डहाणू-तलासरी-जव्हारच्या मुलखात लग्नाच्या खर्चाने काय केले आहे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. जमीनदाराकडून लग्नासाठी थोडे पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने त्याच्या घरी राबायचे. वर्षामागून वर्षे जायची, कर्ज काही फिटायचे नाही. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. लग्न लावले म्हणून गडी झाला. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळे लिहून ठेवले आहे. 1945 साली झरी गावच्या सभेनंतर वारली लोकांनी वेठबिगार आणि लग्नगडी या दोन्ही प्रथा मोडून काढल्या. गोदूताई कम्युनिस्ट होत्या आणि आपण प्रार्थना करणारी माणसे, पण सत्य कोणीही सांगितले तरी ते देवाचेच असते. पुढे 1976 मध्ये बंधबिगार निर्मूलनाचा कायदा आला. कर्जापोटी माणसाला बांधून ठेवणे गुन्हा ठरले, आणि त्या बांधणीचे कर्जही कायद्याने रद्द ठरते.

मग मला सांगा, जी बेडी आपल्या आजोबांनी लाठ्या-गोळ्या खाऊन तोडली, ती आपण डीजेच्या तालावर पुन्हा का घालून घेतो? हळदीच्या एका रात्रीसाठी डीजे, दारू, दोन गावांना मटण. पैसे कुठून आले? मुकादमाकडून. म्हणजे लग्न झाले आणि नवी नवरी हळदीच्या हातांनी भट्टीवर गेली. नाव बदलले, गडी तोच राहिला.

आपल्या जुन्या रीतीत याचे उत्तर होते. ज्यांच्याकडे पैसा नसे ते एकत्र संसार सुरू करत, आणि चार-पाच वर्षांनी, कधी पोरेबाळे झाल्यावर, सोय झाली की लग्न लावत. बाहेरची माणसे याला नावे ठेवत. चर्चमधल्या आम्ही मंडळींनीही ठेवली. लग्नाच्या पवित्रतेबद्दल माझे मत चर्चचेच आहे. पण त्या रीतीमागे एक शहाणपण होते: संसार आधी, गाजावाजा नंतर. आज आपण प्रभूच्या मंदिरात साधेपणाने लग्न लावू शकतो, सामुदायिक विवाहात लावू शकतो, धवलेरीला बोलावून तारप्यावर नाचू शकतो. त्यात कमीपणा कसला? तारपा उधारीवर आणावा लागत नाही.

एकटे घर हे करू शकत नाही, हे मला मान्य आहे. एकट्याने डीजे नाकारला तर पाडा म्हणतो, कंजूष आहे. सगळ्यांनी मिळून नाकारला तर पाडा म्हणतो, आमची रीत आहे. 1922 मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरून एक चळवळ उठली आणि डोंगरातून दक्षिण गुजरातपर्यंत पसरली. अंगात आलेली देवी सांगू लागली की दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा. हजारो आदिवासींनी दारूच्या गुत्त्याकडे पाठ फिरवली. तेव्हाची दारू म्हणजे काही फक्त व्यसन नव्हते. 1878 च्या अबकारी कायद्यानंतर घरी मोहाची गाळणे गुन्हा झाले होते. ठेकेदाराच्या दुकानातूनच घ्यायची, तीही उधारीवर, आणि उधारीत जमीन जायची. लोकांनी विकत घेणेच थांबवले. मी देवी अंगात येण्यावर विश्वास ठेवत नाही. पण आपल्याच लोकांनी, बाहेरच्या कोणी न शिकवता, एकत्र बसून "आम्ही हे घेणार नाही" असे ठरवले होते, याचा मला अभिमान वाटतो.

एक गोष्ट घरातली आहे, म्हणजे आपल्या ख्रिस्ती घरातली. ती इथे बोललीच पाहिजे. गेल्या काही वर्षांत प्रभूचे नाव घेऊन तेलाच्या बाटल्या, रुमाल, आशीर्वादाचे पाणी विकणारे आपल्या पाड्यांवर येऊ लागले आहेत. पाचशे द्या, देव पाच हजार देईल, असे सांगतात. टीबीची गोळी बंद करून तेल लावणारी एक बहीण मी पाहिली आहे. तिला आरोग्य केंद्रात परत नेईपर्यंत दोन महिने वाया गेले होते. आजार चमत्काराने बरा करतो अशी औषधांची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, आणि 2013 पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदाही आहे. पण मी कायद्याच्या आधी शास्त्राचे सांगते. देवाची कृपा फुकट आहे. जी विकत मिळते ती कृपा नव्हे. प्रार्थना करा, आणि गोळीही घ्या.

आता मी थोडी उलट बाजू घेते. सगळा महागडा खर्च वाया जात नाही. बेथानीच्या मरीयेने जटामांसीचे सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतले. तीनशे दीनारांचे तेल, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची मजुरी. यहूदा म्हणाला, ही नासाडी आहे, हे गरिबांना द्यायचे होते. हिशोबाची थैली त्याच्याच हातात होती. आणि प्रभूने मरीयेची बाजू घेतली.

आमच्या एका गटातल्या आजीने वर्षभराच्या बचतीतून 1,200 रुपये काढून, वारलेल्या नातवाचा एकुलता एक फोटो मोठा करून चौकटीत बसवून आणला. आमच्यातले काही कार्यकर्ते म्हणाले, हा खर्च गटाने मंजूर कसा केला? पण आजी रोज संध्याकाळी त्या फोटोपुढे दिवा लावते, आणि तिला त्या पैशाचा आजपर्यंत पस्तावा झालेला नाही. म्हणून शहरातून आलेल्या माझ्या मित्रमंडळींना आणि हे पत्रक वाचणाऱ्या दात्यांना माझी विनंती आहे की, गरिबाच्या हातात मोबाईल दिसला की लगेच "यांना कशाला हवा" असे म्हणू नका. त्या मोबाईलवर भट्टीवरची आई आश्रमशाळेतल्या लेकराचा आवाज ऐकते. कोणता खर्च वाया गेला हे ठरवण्याचा हक्क आधी त्या माणसाचा आहे. आपले काम त्याला फसवणुकीपासून वाचवण्याचे आहे, त्याच्या हौसेवर पहारा ठेवण्याचे नाही. वाया गेलेला पैसा बंगल्यातही असतो, फक्त तिथे त्याच्यासाठी माळा असतो. आपल्या पडवीत तो सगळ्यांना दिसतो.

आता कामाचे बोलते. गेली चार वर्षे आपल्या काही गटांत दर तीन महिन्यांनी एक बैठक होते. तिचा विषय एकच, कोणाला कुठे ठेच लागली. बायकांनीच तिचे नियम केले. कोणी हसायचे नाही. "मी तर आधीच सांगितले होते" असे म्हणायचे नाही. नवऱ्याच्या कानावर घालायचे नाही. आणि विकणाऱ्याने काय शब्द वापरले ते जसेच्या तसे सांगायचे.

पहिल्या बैठकीत अर्धा तास कोणी बोलेना. मग एक ताई म्हणाली, "माझ्या दारात गाडी आली होती. कार्ड खरवडायला दिले. मिक्सर लागला म्हणाले. फक्त 1,500 भरा." तिने भरले. मिक्सर तीन दिवसांत जळला. पावती नव्हती, गाडीचा नंबर नव्हता. ती थांबली आणि शेजारची म्हणाली, "मलाही लागला होता." मग तिसरी. एकाच पाड्यावर तिघी, आणि प्रत्येकीला वाटत होते की आपण एकटीच वेडी. पुढच्या महिन्यात तशीच गाडी दुसऱ्या पाड्यावर आली. तिथल्या बायांनी आधी बिल मागितले, मग दुकानाचा पत्ता विचारला. गाडी वळून निघून गेली. पहिल्या पाड्यावरचे 4,500 रुपये बुडाले ते बुडाले. पण त्या पैशांत दुसरा पाडा वाचला.

दुसऱ्या बैठकीत शिलाई मशीन निघाले. एका पाड्यावर सात मशिनी. एकीने घेतले म्हणून दुसरीने, प्रशिक्षण मिळाले म्हणून तिसरीने. कपडे शिवून घेणारी घरे मात्र चाळीस, आणि तीही बाजारातून तयार कपडे आणतात. मशीन वाईट नव्हते, शिवणारीही चांगली होती, गिऱ्हाईक नव्हते. त्यातल्या एकीने लाज बाजूला ठेवून मशीन विकले आणि दोन शेळ्या घेतल्या. इथे आम्हा संस्थावाल्यांसाठीही धडा आहे. वस्तू वाटताना फोटो काढणे सोपे असते. वर्षभराने ती वस्तू कुठे आहे ते बघायला जाणे अवघड असते.

या बैठकांमधून बायकांनी जे ठरवले ते मी तुमच्यापुढे ठेवते. हे माझे डोके नाही, तुमच्यातल्याच बहिणींचे आहे.

एक, मोठ्या वस्तूसाठी तीन बाजार थांबायचे. आज आवडली, आज घ्यायची नाही. तीन आठवडी बाजार जाऊ द्यायचे. तिसऱ्या बाजारीही हवीशी वाटली तर घ्यायची. बऱ्याच वस्तूंची हौस दुसऱ्या बाजारालाच उतरते.

दोन, हप्त्याची वस्तू घेताना फक्त हप्ता विचारायचा नाही. एकूण किती, आणि श्रावणात कोण भरणार, हे विचारायचे. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की, बँकेने किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीने कर्जदाराला मुख्य माहितीचे पत्रक दिले पाहिजे. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा व्याजदर लिहिलेला असतो, आणि ते पत्रक आपल्याला समजेल अशा भाषेत हवे. सही करण्याआधी ते मागा. वाचता येत नसेल तर घरी आणा आणि आठवीतल्या पोरीकडून वाचून घ्या.

तीन, पावतीशिवाय पैसा द्यायचा नाही. बियाणे घेतले तर पिशवी, तिच्यावरचे लेबल, बिल आणि मूठभर बी जपून ठेवायचे. उगवण झाली नाही तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करताना हेच पुरावे लागतात. वस्तू खराब निघाली तर 1915 या क्रमांकावर ग्राहक म्हणून तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. "आपण अडाणी, आपले कोण ऐकणार" हे आता म्हणायचे नाही.

चार, खाजगी सावकाराचा शेकडा दहा म्हणजे काय ते बोटांवर मोजायचे. 10,000 घेतले तर महिन्याला 1,000 व्याज. वर्षात 12,000 दिले, आणि 10,000 अजून तसेच डोक्यावर. परवान्याशिवाय सावकारी करणे 2014 च्या राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. गटाचे कर्ज आधी, सावकार शेवटी, आणि शक्यतो कधीच नाही.

पाच, पैशाचा हिशोब घरातल्या दोघांनी करायचा. रेव्हरंड टिळक केवढे मोठे कवी, पण त्यांच्या हातात पैसा टिकत नसे. संसाराची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंना करावी लागे. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो. पण प्रत्येक पाड्यावर अशा लक्ष्मीबाई आहेत, आणि त्यांना कोणी विचारत नाही. दादांनो, काकांनो, पदराची गाठ जिच्याकडे आहे तिला शोरूममध्ये जाण्याआधी विचारा, परत आल्यावर नव्हे.

शेवटचे बोलते. लूकच्याच शुभवर्तमानात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. त्याने बापाचा पैसा दूरदेशी उडवला, डुकरे राखली, आणि मग शुद्धीवर आला. तो परत आला तेव्हा बापाने पहिल्यांदा काय विचारले? पैसे कुठे गेले, हे विचारले नाही. त्याने पोराला मिठी मारली. थोरला भाऊ मात्र हिशोब घेऊन दारात उभा राहिला. आपल्या पाड्यावर पैसा घालवून घरी आलेला मुलगा, फसून आलेली सून, डोके खाली घालून बसलेला बाप असतो. त्याला आपण थोरल्या भावासारखे भेटतो की त्या बापासारखे? थोरल्या भावासारखे भेटलो तर तो पुढच्या वेळी सांगणार नाही. सांगितले नाही तर मागचा शहाणा होणार नाही. आणि ज्या मुलीची नववी भट्टीवर गेली, तिच्यासारखी आणखी एक जाईल.

आता जेवणाची वेळ झाली आहे. पंगतीला बसण्याआधी प्रत्येक गटाने गोल करून बसा. प्रत्येकीने एक गोष्ट सांगा, कुठे ठेच लागली आणि दगड कोणता होता. बाकीच्यांनी ऐका. कोणी हसू नका. सचिव ताईंनी दगडांची नावे वहीत लिहून घ्या. ती वही पुढच्या महिन्यात शेजारच्या पाड्यावर वाचायची आहे.

प्रभु तुमच्या कष्टाला आणि कष्टाच्या पैशाला राखो. सलाम. जोहार.